आधी पद्धत वाचा: संशोधनात नव्याने येणाऱ्यांसाठी

लॅबमध्ये नवीन विद्यार्थी आला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कोणते पेपर वाचू? मी दोनच पेपर हातात देते आणि सांगते, सारांश आणि निष्कर्ष नंतर बघ, आधी ‘मटेरियल्स अँड मेथड्स’ वाच, म्हणजे प्रयोग कशाने आणि कसा केला तो भाग. बहुतेकांना तो भाग रुक्ष वाटतो, कारण पदवीला असताना तोच गाळून पुढे जायची सवय लागलेली असते. पण जीवशास्त्र असो, आरोग्यविज्ञान असो की पर्यावरण, विद्यापीठातल्या संशोधनात तुमची पहिली काही वर्षं याच भागात जाणार आहेत. काय सापडलं हे बातमीतही कळतं. कसं सापडलं आणि ते खरं कशावरून, हे विचारायची सवय मात्र लॅबमध्येच लागते.

मी पाण्यातल्या पर्यावरणीय डीएनएवर काम करते, म्हणजे ज्याला सगळे ई-डीएनए म्हणतात. मासा, बेडूक किंवा कुठलाही प्राणी पाण्यात वावरला की त्याच्या त्वचेच्या पेशी, विष्ठा, अंगावरचा बुळबुळीत स्राव पाण्यात राहतो. ते पाणी बारीक छिद्रांच्या फिल्टरमधून गाळायचं, फिल्टरवरचा डीएनए वेगळा करायचा, पीसीआरने त्याच्या प्रती वाढवायच्या आणि सिक्वेन्सिंग करून, म्हणजे डीएनएमधल्या अक्षरांचा क्रम वाचून, प्रजाती ओळखायच्या. प्राण्याला हातही न लावता तो तिथे होता हे कळतं. मला अजूनही याचं अप्रूप वाटतं.

हेच काम हवेतून करता येईल का, हा प्रश्न दोन गटांनी स्वतंत्रपणे घेतला. एक गट कोपनहेगन विद्यापीठाचा, तिथल्या प्राणिसंग्रहालयात काम करणारा; दुसरा ब्रिटनमधल्या हॅमर्टन प्राणिसंग्रहालयात काम करणारा. दोघांचे पेपर जानेवारी २०२२ मध्ये ‘करंट बायॉलॉजी’ या नियतकालिकात एकदमच आले. नवख्यांना मी हीच जोडी वाचायला देते. कोपनहेगनच्या गटाला हवा गाळून ४९ पृष्ठवंशी प्रजातींचा माग लागला. वर्षावनाच्या दालनातल्या पाण्यात पोहणारा गप्पी मासासुद्धा हवेत सापडला! ब्रिटनच्या गटाला २५ प्रजाती मिळाल्या. त्यांत पिंजऱ्यातले प्राणी होते, त्यांच्या खाद्यातल्या मांसाचे प्राणी होते आणि आवारात मोकळा फिरणारा काटेरी हेजहॉगही होता.

आकडे वाचून झाले की मी विचारते, दोन्ही गटांनी प्राणिसंग्रहालयच का निवडलं? जंगलात का गेले नाहीत? विद्यार्थी थोडा वेळ गप्प बसतो आणि मग त्याच्या लक्षात येतं. तिथे कोणते प्राणी कुठे ठेवलेत याची यादी तयार असते. शिवाय त्यातले बरेचसे त्या देशात मोकळे सापडतच नाहीत, त्यामुळे वाघाचा डीएनए मिळाला तर तो कुठून आला याबद्दल वाद उरत नाही. नवी पद्धत आधी उत्तरं माहीत असलेल्या प्रश्नपत्रिकेवर तपासायची, मग खुल्या जगात न्यायची. प्रयोगाची आखणी कशाला म्हणतात हे मला कुठल्याही व्याख्यानापेक्षा या एका निवडीतून जास्त समजावून सांगता येतं.

दुसरी गोष्ट कंट्रोलची, म्हणजे तुलनेसाठी मुद्दाम ठेवलेल्या कोऱ्या नमुन्याची. आम्ही नमुने घ्यायला निघतो तेव्हा एका बाटलीत लॅबमधलं शुद्ध पाणी सोबत नेतो. काठावर तिचं झाकण उघडायचं, बाकीच्या बाटल्यांइतकाच वेळ उघडं ठेवायचं आणि तेच पाणी त्याच पंपाने, तसल्याच फिल्टरमधून गाळायचं. याला फील्ड ब्लँक म्हणतात. पुढे डीएनए काढताना एक रिकामी नळी, पीसीआरला आणखी एक. सगळं झाल्यावर प्रत्येक नमुन्यातला डीएनए जेलच्या पातळ वडीत आपापल्या रांगेतून (लेन) सरकवतात; ते जेल अतिनील प्रकाशाखाली ठेवलं की नमुन्यांच्या लेनमध्ये डीएनएच्या चमकत्या रेघा (बँड) दिसतात आणि ब्लँकची लेन काळीभोर असायला हवी. तिथे पुसटशी रेघ उमटली तर त्या खेपेचे सगळे निकाल संशयित. माणूस, गाय, डुक्कर, कोंबडी यांचा डीएनए तर पीसीआरच्या विकतच्या रसायनांतूनही येऊ शकतो. म्हणून नवख्यांनी जेलचा फोटो बघताना पहिली नजर कंट्रोलच्या लेनवर टाकावी. आपल्या नमुन्यात बँड आलाय का, हे त्यानंतर.

मायक्रोप्लास्टिकवर काम करायला निघालेल्यांनी तर हे दुप्पट मनावर घ्यावं. कृत्रिम धाग्यांचे कपडे, लॅबमधली हवा, प्लास्टिकच्या नळ्या, सगळीकडून कण येतात. शरीरातल्या ऊतींमध्ये प्लास्टिक किती हे मोजताना नमुना तापवून त्यातून निघणारे रेणूंचे तुकडे ओळखतात, पण पॉलिथिलीन तापवल्यावर जे तुकडे निघतात तसलेच काही चरबीतूनही निघतात. मेंदूत चरबी भरपूर. त्यामुळे अशा पेपरमध्ये चरबी कशी काढून टाकली आणि कोरे नमुने किती होते, हे आकड्याच्या आधी वाचायचं.

पद्धतीवर माझा एवढा भर का, याला कारण आहे. कर्करोगाच्या संशोधनातले गाजलेले प्रयोग पुन्हा करून बघण्याचा एक मोठा प्रकल्प झाला, त्याचे निकाल २०२१ मध्ये ‘ईलाइफ’ या नियतकालिकात आले. ५३ पेपरमधले १९३ प्रयोग करायचे ठरले होते. प्रत्यक्षात २३ पेपरमधले ५० प्रयोगच पार पडले. आणि मूळ लेखकांना काहीही न विचारता, केवळ पेपर वाचून आखता येईल असा त्या १९३ मध्ये एकही प्रयोग नव्हता. फसवणूक हे त्याचं कारण नव्हतं. पेशी किती वेळा विभागल्या होत्या, औषध कशात विरघळवलं, आकडेमोड नेमकी कशी केली, अशा गोष्टी कुणी लिहिलेल्याच नसतात.

काही वेळा तर काय लिहायला हवं हेच कुणाला ठाऊक नसतं. २०१४ मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठातल्या जेफ्री मोगिल यांच्या गटाने दाखवलं की खोलीत पुरुष संशोधक असेल तर उंदरांना ताण येतो आणि त्यांची वेदनेची प्रतिक्रिया कमी दिसते. पुरुषाने घातलेला टीशर्ट जवळ ठेवला तरी तोच परिणाम! म्हणजे प्रयोग कुणी केला हीसुद्धा नोंदवायची गोष्ट ठरली.

तेव्हा नोटबुक पहिल्या दिवसापासून नीट ठेवा. तारीख, रसायनाचा लॉट नंबर, कोणतं यंत्र, नळी बर्फावर होती की टेबलावर, मध्येच वीज गेली का, नमुना कुणी हाताळला, सगळं. फसलेला प्रयोगही तितक्याच तपशिलाने लिहा. आणि हातासरशी लिहा, संध्याकाळी आठवून नको. पेशींवर काम असेल तर आणखी एक: सेल लाइन (लॅबमध्ये पिढ्यानपिढ्या वाढवत ठेवलेल्या एकाच मूळच्या पेशी) आपण समजतो तीच आहे ना, याची डीएनए चाचणी आधी करून घ्या. १९५१ मध्ये एका रुग्णाच्या कर्करोगाच्या गाठीतून वेगळ्या केलेल्या हेला पेशी इतक्या चिवट आहेत की जगभरात कित्येक सेल लाइन्समध्ये त्या शिरल्या आणि लोक वर्षानुवर्षं भलत्याच पेशींवर काम करत राहिले.

संख्याशास्त्राचा पूर्ण कोर्स होईल तेव्हा होईल, पण एक गोष्ट आजच समजून घ्या. दोन टाक्यांपैकी एकीत रसायन टाकलं, दुसरीत नाही, प्रत्येकीत ३० मासे. तर नमुने किती? साठ नव्हेत. रसायन टाकीला दिलंय, माशाला नाही, म्हणून प्रत्येक बाजूला एकच नमुना. या गफलतीवर स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये लिहिलं, तरी ती अजून दिसते.

हल्ली बरेच जण विचारतात की सगळं काम संगणकावरच होणार असेल तर पिपेट (द्रव मोजून घ्यायची नळी) हातात का धरायचं? अल्फाफोल्ड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रोग्रामने प्रथिनांच्या रचनांचं भाकीत इतकं अचूक केलं की २०२४ चं रसायनशास्त्राचं अर्धं नोबेल डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना मिळालं. आज २० कोटींहून अधिक प्रथिनांची भाकितं कुणालाही फुकट बघता येतात. पण ते शिकलं कशावर? १९७१ पासून जमा होत आलेल्या प्रोटीन डेटा बँकेवर, म्हणजे प्रयोगांतून सोडवलेल्या प्रथिनांच्या रचनांच्या साठ्यावर. त्यातली एकेक रचना सोडवताना कुठल्या ना कुठल्या लॅबमध्ये कुणाची तरी वर्षं गेली आहेत. माझं स्पष्ट मत आहे की दोन्ही शिका. आर किंवा पायथॉन या संगणकभाषांपैकी एक तरी यायलाच हवं, आणि निदान एक प्रयोग सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतःच्या हाताने केलेला हवा. अल्फाफोल्डचं चित्र उघडलंत तर रंग बघा: गडद निळा भाग भरवशाचा, नारिंगी भागावर निष्कर्ष उभा करू नका.

वाचनासाठी बायोआर्काइव्ह आणि मेडआर्काइव्ह या संकेतस्थळांवर परीक्षणाआधीचे पेपर मिळतात. एखाद्या पेपरची ती आवृत्ती आणि छापून आलेली आवृत्ती शेजारी ठेवून वाचा. मध्ये कोणते प्रयोग वाढले, कोणतं वाक्य मवाळ झालं, यातून परीक्षक काय मागतात ते कळतं. ‘ईलाइफ’ तर परीक्षकांचे अभिप्रायही छापतं.

राहिला प्रश्न गाईड निवडण्याचा. विषय कितीही आवडला तरी आधी त्या लॅबच्या एखाद्या मीटिंगला बसू द्याल का, असं विचारा. फसलेला प्रयोग तिथे कसा मांडला जातो आणि गाईड त्यावर काय बोलतात, हे बघा. सिनियर विद्यार्थ्यांशी एकट्याने बोला. पहिला ईमेल लिहिताना ‘मला आपल्या संशोधनात रस आहे’ एवढंच लिहू नका, तशा ईमेलचा ढीग असतो. त्यांचा एक अलीकडचा पेपर घ्या, त्यातली पद्धत वाचा आणि खरोखर न समजलेली एक गोष्ट विचारा. माझ्याकडे आलेल्यांपैकी एकीने विचारलं होतं की नमुन्यांचं पाणी गाळायला उशीर झाला तर मधल्या वेळात त्यातला डीएनए किती टिकतो, आणि तुम्ही ते मोजलंय का. मी त्याच दिवशी तिला उत्तर लिहिलं.