होळी ते पाडवा: सोलापूरहून चांदोली-दाजीपूरची सहल कशी आखावी

सह्याद्रीचं जंगल म्हटलं की पावसाळा आठवतो. पण पावसाळ्यात चांदोली आणि दाजीपूर, दोन्ही जंगलं पर्यटकांसाठी बंद असतात. जंगल उघडं, झाडं फुललेली आणि जनावरं पाण्यावर येणारी, हे तिन्ही एकदम जुळतं ते होळी ते गुढीपाडवा या पंधरवड्यात. त्यासाठी तीन दिवस आणि दोन मुक्काम हवेत. दोन दिवसांत उरकायला गेलात तर सगळा वेळ गाडीतच जातो.

आठ दिवस आधी

गाडीचे ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल आणि कूलंट तपासून घ्या. सोलापूरच्या सपाट रस्त्यांवर झिजलेले पॅड जाणवत नाहीत, घाटात मात्र लगेच जाणवतात. हवा टायर थंड असताना, दाराजवळच्या पट्टीवर लिहिली आहे तेवढीच भरा. स्टेपनीची हवा बघायला विसरू नका.

वनविभागाकडे फोन करून तीन गोष्टी विचारा: साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी, स्वतःची गाडी आत चालते की त्यांचीच घ्यावी लागते, आणि त्या दिवसाचं शुल्क. नियम बदलत असतात, म्हणून गेल्या वर्षीच्या माहितीवर निघू नका. प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र बरोबर ठेवा.

शिदोरीला कडक भाकरी आणि शेंगाचटणी घ्या. उन्हात न विटणारं याहून चांगलं प्रवासाचं जेवण नाही. पाणी माणशी दिवसाला तीन लिटर धरा.

पहिला दिवस: शिराळ्यापर्यंत

पहाटे पाचला निघा. मंगळवेढा, सांगोला, मिरज, सांगली, आष्टा, पेठ नाका आणि शिराळा असा रस्ता आहे. दुपारच्या आत पोहोचता येतं. सांगली पट्ट्यात अजून उसाच्या ट्रॉल्या भेटतात. कित्येकींना मागे दिवा नसतो. म्हणून रात्रीचा प्रवास नको. टाकी शिराळ्यातच पूर्ण भरा. पुढे डोंगरात फोनची रेंजही जाते, तेव्हा नकाशा आधीच उतरवून ठेवा.

दुसरा दिवस: चांदोली

कोकरूडमार्गे मणदूरच्या बाजूनं प्रवेश आहे. फाटक उघडायच्या वेळेला तिथे हजर राहा. २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेलं हे जंगल २०१० पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे, आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत गेलं. पण वाघाच्या आशेनं येऊ नका. इथलं रान दाट आणि वाघ मोजकेच. ताडोबासारखं दर्शन इथे होत नाही. या दिवसांत खरं बघायचं ते झाडांवर.

पांगारा किंवा काटेसावर फुललेली दिसली की गाडी थांबवा, इंजिन बंद करा आणि अर्धा तास हलू नका. पहिली दहा मिनिटं काहीच होत नाही. लोक नेमके तेव्हाच कंटाळून निघतात. मग मैना परततात, काळा कोतवाल पक्षी येतो, शिंजीर हा इवलासा पक्षी फुलात चोच घालतो. सावरीची जाड लाल फुलं धपकन खाली पडतात आणि ती खायला भेकर, म्हणजे एक लहान हरिण, झाडाखाली येतं. उतरायची परवानगी असेल तिथे पडलेलं एखादं फूल हातात घेऊन बघा: तळाशी चिकट मध असतो. एवढी गर्दी होते ती त्याच्यासाठी. आठ ते दहा पट दुर्बीण पुरते.

लांबून लालभडक दिसणारं प्रत्येक झाड फुललेलं नसतं. कुसुम नावाच्या झाडाची कोवळी पालवीच तांबडी असते. पाडव्याच्या सुमारास अंजनीच्या फांद्या जांभळ्या-निळ्या फुलांनी मढतात. त्यासाठी सड्याच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळी पठाराच्या, कडेची झुडपं बघत चला. सड्यावरचं गवत मात्र वाळलेलं असतं. एक ठिणगी वणवा लावायला पुरते, तेव्हा काडी, विडी, चूल काहीही नको. गवतात गोचीड असतात. पॅन्ट मोज्यात खोचा.

संध्याकाळपर्यंत पेठ नाक्यावर येऊन महामार्गानं कोल्हापूर गाठा आणि तिथे मुक्काम करा.

तिसरा दिवस: दाजीपूर

हे राष्ट्रीय उद्यान नाही, अभयारण्य आहे. १९५८ मध्ये घोषित झालेलं, राज्यातलं सर्वांत जुनं. इथला राजा गवा. पहाटे लवकर निघून राधानगरीमार्गे जा, कारण कळप उन्हं चढायच्या आत पाणवठ्यावरून रानात शिरतो. गाडीतून उतरू नका. गवा मान खाली घालून आडवा उभा राहिला आणि नाकातून फुसफुसला, तर तो तुम्हाला आपलं अंग दाखवून बजावतोय. हॉर्न न वाजवता सावकाश मागे या. एक गवा रस्ता ओलांडून गेला की लगेच पुढे जाऊ नका, मागून कळप येत असतो.

उतारावर ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. ब्रेकवर सतत पाय ठेवला तर पॅड तापतात, जळका वास येतो आणि पेडल मऊ लागायला लागतं. तसं झालं तर गाडी बाजूला घेऊन अर्धा तास थंड होऊ द्या. चाकावर पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकते.

परतीला कोल्हापूर दुपारी दीडच्या आत सोडा. रस्ता पूर्वेला जातो, त्यामुळे ऊन पाठीशी राहतं आणि अंधाराआधी सोलापूर येतं.