तिकीट सिस्टिमला ‘पासवर्ड विसरलात?’ची सोय कशी जोडावी

सोमवारी सकाळी हेल्पडेस्कचा फोन सुरू झाला की पहिले चार-पाच कॉल ठरलेले असतात. “तिकीट टाकायचं होतं हो, पण पासवर्डच आठवत नाहीये.” तिकीट म्हणजे सिस्टिममध्ये नोंदवलेली तक्रार. ती नोंदवायला जागा आहे, पण माणूस तिच्या दारातच अडकलेला. मग डेस्कवरचं कुणीतरी आवाज ओळखीचा वाटला म्हणून फोनवरच नवा पासवर्ड सांगून टाकतं. मला खरी काळजी याची वाटते. नुसत्या आवाजावर कुणाच्याही खात्याची किल्ली देऊ नये.

ऑफिसात किंवा कॉलेजात स्वतः बांधलेली पीएचपी-मायएसक्यूएलवरची तिकीट सिस्टिम असेल, तर ‘पासवर्ड विसरलात?’ची सोय, म्हणजे मेलवर आलेल्या लिंकवरून स्वतःच पासवर्ड बदलण्याची (रिसेटची) सोय, दोन-तीन दिवसांत नीट जोडता येते. ओएसटिकेट किंवा झामाड ही तयार तिकीट सॉफ्टवेअर वापरत असाल तर ती आधीपासून असते, फक्त सेटिंग तपासायचं. तरीही मेलबद्दलचा भाग वाचा, तो तुम्हालाही लागू आहे.

आधी पासवर्ड राहतो कुठे ते बघा. लोक अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीच्या (ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरांसाठी एकच खातं देणारी यंत्रणा) खात्याने लॉगिन करत असतील तर तो पासवर्ड तिकीट सिस्टिमचा नाहीच. अशांना रिसेटची लिंक पाठवू नका. मेलमध्ये ‘तुमचा पासवर्ड ऑफिसच्या कॉम्प्युटरचाच आहे, तो अमुक ठिकाणी बदला’ एवढं कळवा.

पायरी १ : टोकनचं टेबल

टोकन म्हणजे रिसेटच्या लिंकमध्ये जाणारा, एकदाच चालणारा गुप्त मजकूर. त्यासाठी डेटाबेसमध्ये नवं टेबल करा. त्यात यूजरचा आयडी, टोकनचा हॅश (ज्यावरून मूळ मजकूर परत काढता येत नाही असा त्याचा ठसा), मुदत संपण्याची वेळ आणि वापरल्याची वेळ एवढे कॉलम पुरतात. टोकन पीएचपीच्या ‘रँडम बाइट्स’ फंक्शनने ३२ बाइट्सचं काढा आणि हेक्स रूपात (दर बाइटला दोन अक्षरं) लिहा, म्हणजे लिंकमध्ये ६४ अक्षरं दिसतील. वेळ, यूजर आयडी किंवा साधा रँडम नंबर जोडून टोकन बनवू नका, त्याचा अंदाज बांधता येतो. टेबलमध्ये मूळ टोकन ठेवायचं नाही, त्याचा एसएचए-२५६ पद्धतीचा हॅश ठेवायचा. उद्या डेटाबेसचा बॅकअप कुणाच्या हाती पडला तरी त्यातून चालू लिंक बनवता येऊ नये.

मुदत मी ३० मिनिटं ठेवतो. पाच मिनिटं फार कमी पडतात, कारण काही मेल सर्व्हर अनोळखी ठिकाणचा मेल पहिल्यांदा मुद्दाम थांबवून ठेवतात. आमच्याकडे मात्र वेगळीच अडचण आली होती. लिंक हातात पडताच ‘मुदत संपली’ असं दिसायचं. पीएचपी मुदत यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) लिहीत होतं आणि मायएसक्यूएल ती भारतीय वेळेशी ताडून बघत होतं. साडेपाच तासांचा फरक! हेच उलटं झालं असतं तर ३० मिनिटांची लिंक सहा तास जिवंत राहिली असती आणि कुणाची तक्रारही आली नसती. म्हणून मुदत लिहायची आणि तपासायची, दोन्ही कामं एकाच घड्याळावर करा.

पायरी २ : ‘पासवर्ड विसरलात?’चं पान

ईमेल टाकायची एक चौकट आणि एक बटण, बस. जन्मतारीख, पहिली शाळा असले प्रश्न विचारू नका. २००८ साली अमेरिकेत उपाध्यक्षपदाच्या उमेदवार सारा पेलिन यांचं याहूचं मेल खातं याच वाटेने उघडलं गेलं. त्या प्रश्नांची उत्तरं इंटरनेटवर शोधून सापडण्यासारखी होती.

खातं असो वा नसो, उत्तर एकच द्या : ‘या पत्त्यावर खातं असेल तर लिंक पाठवली आहे. स्पॅमही बघा.’ नाहीतर एकेक पत्ता टाकून तुमच्याकडे कोणाकोणाची खाती आहेत त्याची यादी कुणीही बनवेल. मेल लगेच न पाठवता रांगेत टाका, म्हणजे उत्तराला लागणाऱ्या वेळावरूनही काही कळत नाही. एका खात्याला तासाला तीन विनंत्या पुरे, आणि आयपी पत्त्यावरही मर्यादा हवी.

पायरी ३ : मेल

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थांबून काम करा.

मेल कुणाला जाणार? यूजरने फॉर्ममध्ये टाकलेल्या पत्त्यावर नाही, तर डेटाबेसमध्ये असलेल्या पत्त्यावर. फरक बारीक वाटतो, पण गिटलॅबसारख्या मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये असं भोक राहून गेलं होतं. विनंतीत एकाऐवजी दोन पत्ते घातले की रिसेटची लिंक हल्लेखोराच्या पत्त्यावरही जात होती. जानेवारी २०२४ मध्ये ते बुजवलं गेलं, आणि त्याचं गांभीर्य १० पैकी १० धरलं होतं.

लिंकमधलं डोमेन सेटिंग फाइलमधून घ्या. ब्राउझरने पाठवलेल्या होस्ट हेडरवरून (विनंतीसोबत येणारी, साइटचं नाव सांगणारी ओळ) लिंक बनवली, तर ते हेडर बदलून तुमच्याच सिस्टिमकडून दुसऱ्याच्या साइटची लिंक पाठवून घेता येते.

आता खास तिकीट सिस्टिमची गोष्ट. आपल्या सिस्टिमला मेल ‘खाता’ही येतो, सपोर्टच्या पत्त्यावर आलेल्या प्रत्येक मेलचं तिकीट होतं. रिसेटचा मेल त्याच पत्त्यावरून पाठवला आणि समोरच्याचा ‘मी रजेवर आहे’ असा ऑटो-रिप्लाय आला, की त्याचं तिकीट होणार. त्या तिकिटाची पोच पुन्हा त्या माणसाला जाणार, आणि चक्र सुरू. बाउन्स झालेल्या (न पोचता परत आलेल्या) मेलमध्ये तर बऱ्याचदा मूळ मजकूर तसाच जोडलेला असतो. म्हणजे रिसेटची चालू लिंक तिकीट बनून तिकिटं हाताळणाऱ्या सगळ्या एजंटांसमोर उघडी. म्हणून रिसेटसाठी पाठवणारा पत्ता वेगळा ठेवा, बाउन्स परत येण्याचा पत्ताही वेगळा ठेवा, आणि ते दोन्ही तिकिटांच्या आयातीत घेऊ नका. मेलला ‘ऑटो-सबमिटेड : ऑटो-जनरेटेड’ हे हेडर लावा, म्हणजे नीट वागणारे सर्व्हर त्याला आपोआप उत्तर देत नाहीत.

सपोर्टच्या पत्त्यानेच कुणी खातं उघडलंय का तेही बघा. असेल तर त्या खात्याची रिसेट लिंक थेट तिकिटांच्या रांगेत जाऊन पडेल. बेल्जियमच्या एका सुरक्षा संशोधकाने २०१७ मध्ये दाखवून दिलं होतं, की सपोर्टच्या पत्त्यावर आलेल्या दुसऱ्या सेवांच्या पडताळणीच्या लिंका तिकिटांमधून वाचून कंपनीच्या आतल्या चॅटपर्यंत पोचता येतं.

शिवाय ‘पाठवलेले मेल’ असा लॉग बऱ्याच सिस्टिम ठेवतात. रिसेटचा मजकूर त्यात जाता कामा नये. आपण डेटाबेसमध्ये हॅश ठेवतो आणि शेजारच्या टेबलमध्ये पूर्ण लिंक पडून असते, हे मी एकदा नव्हे, अनेकदा पाहिलं आहे.

मजकूर साधा ठेवा : ‘नमस्कार, तुमच्या खात्याचा पासवर्ड बदलण्याची विनंती आली आहे. खालची लिंक ३० मिनिटं चालेल. ही विनंती तुम्ही केली नसेल तर काही करू नका, पासवर्ड आहे तोच राहील.’

पायरी ४ : लिंक उघडल्यावर

लिंक नुसती उघडली म्हणून टोकन ‘वापरलं’ असं धरू नका. अनेक ऑफिसांमध्ये मेल तपासणारं सॉफ्टवेअर यूजरच्या आधी लिंक उघडून बघतं. मग बिचाऱ्या माणसाला ती कायम मेलेलीच मिळते, आणि तो पुन्हा फोन करतो. लिंकवर फक्त फॉर्म दाखवा, टोकन खर्च करा ते ‘बदला’ बटण दाबल्यावर. ‘वापरल्याची वेळ रिकामी असेल आणि मुदत बाकी असेल तरच नोंदव’ असं एकाच अपडेट क्वेरीत लिहा. बरोबर एक ओळ बदलली तरच पुढे जायचं, म्हणजे दोनदा क्लिक झालं तरी टोकन एकदाच चालतं. या पानावर बाहेरचे फॉन्ट किंवा स्क्रिप्ट नकोत, आणि रेफरर (आधीच्या पानाचा पत्ता, जो ब्राउझर पुढच्या साइटला कळवतो) पाठवणं बंद करा, नाहीतर पत्त्यातलं टोकन बाहेर जाऊ शकतं.

पायरी ५ : नवा पासवर्ड

लांबीवर भर द्या. एक कॅपिटल, एक चिन्ह असल्या अटींनी फारसं काही साधत नाही. फार वापरले जाणारे पासवर्ड मात्र नाकारा. देवनागरी पासवर्ड चालू द्या, आपल्या लोकांना वाक्य मराठीतच लक्षात राहतं. त्यासाठी दोन गोष्टी सांभाळा. पीएचपीमधला बीक्रिप्ट (पासवर्ड हॅश करायचा एक प्रकार) फक्त पहिले ७२ बाइट्स धरतो, आणि देवनागरीची प्रत्येक खूण ३ बाइट्स घेते. काना-मात्रा धरून २४ खुणांपुढचं सगळं तो सोडूनच देतो. म्हणून आर्गॉन२आयडी हा दुसरा प्रकार वापरा. दुसरं म्हणजे ‘ऱ्हास’मधला ऱ एका कीबोर्डवर एकसंध येतो, तर दुसऱ्यावर र आणि नुक्ता (खालचं टिंब) मिळून. डोळ्यांना तो सारखाच दिसतो, हॅश मात्र वेगळा होतो. हॅश करण्याआधी, आणि लॉगिनच्या वेळीही, मजकूर एनएफसी (युनिकोडमधल्या एकसंध) रूपात आणा.

पासवर्ड बदलल्यावर त्या यूजरचे सगळे चालू सेशन (आधीच झालेली लॉगिन) आणि उरलेली टोकन रद्द करा, आणि ‘तुमचा पासवर्ड बदलला’ असा मेल पाठवा. आपोआप लॉगिन करून देऊ नका. एजंट आणि अ‍ॅडमिन यांच्याकडून दुसऱ्या टप्प्याचा ओटीपी रिसेटनंतरही घ्याच.

पायरी ६ : तपासणी

सुरू करण्याआधी हे स्वतः करून बघा : नसलेला पत्ता टाका, वापरलेली लिंक पुन्हा उघडा, ३१ मिनिटांनी उघडा, दोन विनंत्या करून आधीची लिंक वापरा, आणि ऑटो-रिप्लाय लावलेल्या पत्त्यावर मेल पाठवून तिकिटांच्या यादीत काही नवं आलं का ते बघा. मग लॉगिनच्या पानावर चौकटीच्या अगदी खाली, फोनवरही सहज दिसेल अशी लिंक ठेवा आणि डेस्कवरच्या सगळ्यांना सांगा, की आजपासून फोनवर पासवर्ड सांगायचा नाही.