परदेशी विद्यापीठातील शिक्षणासाठी शिष्यवृत्ती आणि निधी कसा उभारावा

परदेशी पदव्युत्तर शिक्षणाची तयारी करणारे बहुतेक विद्यार्थी आधी प्रवेश मिळवतात आणि प्रवेशपत्र हाती आल्यावर पैशाच्या मागे लागतात. तोवर अनेक मोठ्या शिष्यवृत्त्यांच्या मुदती उलटून गेलेल्या असतात, आणि उरतो तो फक्त बँकेचा दरवाजा. म्हणून निधीचा शोध प्रवेशाच्या आधी, निदान त्याच्या बरोबरीने सुरू करावा लागतो. महाराष्ट्रातील पदवीच्या शेवटच्या वर्षाचा किंवा नुकताच नोकरीला लागलेला विद्यार्थी डोळ्यांसमोर ठेवून हा लेख लिहिला आहे.

आधी पूर्ण खर्च मांडा

शिक्षण शुल्क हा खर्चाचा एक भाग झाला. राहणे, जेवण, विमा, व्हिसा, विमानभाडे, परीक्षांची फी, अर्जांची फी आणि पहिल्या महिन्याची घरभाड्याची अनामत हे सारे एका कागदावर त्या देशाच्या चलनात आणि रुपयांत लिहावे. व्हिसासाठी किती रक्कम दाखवावी लागते हेही त्याच कागदावर यावे, कारण ती रक्कम काही ठिकाणी प्रत्यक्ष खर्चाइतकीच अडचणीची ठरते. जर्मनीत बहुतांश सरकारी विद्यापीठे शिक्षण शुल्क घेत नाहीत. मात्र विद्यार्थी व्हिसासाठी वर्षाला ११,९०४ युरो गोठवलेल्या खात्यात ठेवावे लागतात आणि त्यातून दरमहा ९९२ युरोच काढता येतात. बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना सत्राला १,५०० युरो शुल्क आहे, आणि म्युनिकच्या तंत्र विद्यापीठानेही २०२४ पासून असे शुल्क सुरू केले आहे. ब्रिटनमध्ये आरोग्य अधिभार (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायची रक्कम) विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड पडतो, आणि निर्वाहाची रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते.

हा हिशेब झाला की आपल्याला पूर्ण शिष्यवृत्ती हवी आहे, की चार ठिकाणांहून थोडे थोडे जमवून भागेल, हे कळते. दोन्ही वाटा वेगळ्या आहेत आणि दुसरी वाट जास्त जणांना लागू पडते.

तारखा उलट्या मोजा

समजा, पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरमध्ये अभ्यासक्रम सुरू होणार आहे. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीचे अर्ज त्याआधीच्या ऑगस्टमध्ये खुले होतात आणि साधारण ऑक्टोबरमध्ये बंद होतात, म्हणजे अकरा महिने आधी. अमेरिकेसाठीच्या फुलब्राइट-नेहरू मास्टर्स फेलोशिपची मुदत बहुधा मे महिन्यात असते आणि ती पुढच्या वर्षी सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमासाठी असते, म्हणजे सव्वा वर्ष आधी. युरोपीय संघाच्या इरॅस्मस मुंडुस अभ्यासक्रमांपैकी बहुतेकांच्या मुदती जानेवारीच्या आसपास संपतात. मुंबईतील न्यासांचे अर्ज साधारण डिसेंबर ते मार्च या काळात, आणि महाराष्ट्र शासनाच्या जाहिराती बहुधा उन्हाळ्यात, म्हणजे अभ्यासक्रम तोंडावर आलेला असताना निघतात. या तारखा भिंतीवरच्या एकाच दिनदर्शिकेवर लिहून ठेवाव्यात. नेमका दिवस दरवर्षी बदलतो, त्यामुळे तो मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावा.

शासनाच्या योजना

या योजनांना पुरेसा वेळ द्यावा, कारण शिक्षण शुल्क, निर्वाह भत्ता आणि विमानभाडे असा जवळजवळ संपूर्ण भार उचलणारी मदत इथेच मिळू शकते, आणि तरीही अनेक पात्र विद्यार्थी केवळ कागदपत्रांअभावी बाहेर राहतात.

महाराष्ट्रात प्रत्येक प्रवर्गासाठी वेगळा विभाग आहे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिच्या ७५ जागा असून तिचे काम पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयातून चालते. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी इतर मागास बहुजन कल्याण विभाग, अनुसूचित जमातींसाठी आदिवासी विकास विभाग, मराठा आणि कुणबी समाजासाठी सारथी ही शासनाची संस्था, तर खुल्या प्रवर्गासाठी उच्च व तंत्रशिक्षण विभाग अशी रचना आहे. अल्पसंख्याक विकास विभागाचीही योजना आहे. उत्पन्नाची मर्यादा, विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट आणि शुल्काची कमाल मर्यादा यांत गेल्या काही वर्षांत वारंवार बदल झाले आहेत. म्हणून गेल्या वर्षी मिळालेल्या मित्राचे ऐकावे, पण अर्ज चालू वर्षाची जाहिरात आणि शासन निर्णय वाचूनच भरावा.

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयाची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती ही स्वतंत्र योजना आहे. तिच्या १२५ जागांपैकी ११५ अनुसूचित जातींसाठी, तर उरलेल्या विमुक्त व भटक्या जमाती, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर कुटुंबांतील विद्यार्थ्यांसाठी आहेत. ३० टक्के जागा मुलींसाठी ठेवलेल्या आहेत. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांच्या आत, वय ३५ पेक्षा कमी आणि पात्रता परीक्षेत किमान ६० टक्के गुण या तिच्या मुख्य अटी आहेत. २०२२ पासून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय या योजनेतून वगळले आहेत. मानव्यशास्त्रांच्या विद्यार्थ्यांनी विषयाचे शीर्षक ठरवण्यापूर्वी ही अट लक्षात घ्यावी. अनुसूचित जमातींसाठी आदिवासी कार्य मंत्रालयाची २० जागांची, आणि दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाचीही २० जागांची अशीच योजना आहे. गोव्यातील विद्यार्थ्यांसाठी मनोहर पर्रीकर गोवा स्कॉलर्स योजना आणि शिक्षण विकास महामंडळाचे बिनव्याजी कर्ज हे दोन मार्ग आहेत.

सर्वांत जास्त अर्ज अडकतात ते विनाअट प्रवेशपत्राच्या मुद्द्यावर. विद्यापीठे सहसा सशर्त प्रवेशपत्र देतात: अंतिम वर्षाचा निकाल, इंग्रजीची परीक्षा, अनामत रक्कम अशा अटी त्यात असतात. शासनाला मात्र विनाअट पत्र हवे असते. यावर उपाय असा की, निकाल लागताच गुणपत्रिका विद्यापीठाला पाठवून शैक्षणिक अटी काढून घ्याव्यात, आणि अनामत रकमेबाबत प्रवेश कार्यालयाला स्पष्ट लिहावे की आपण शासकीय शिष्यवृत्तीचे अर्जदार आहोत, निकाल अमुक महिन्यात अपेक्षित आहे, तोवर प्रवेशाची अनामत माफ करावी किंवा मुदत वाढवून द्यावी. अनेक विद्यापीठे अशी विनंती मान्य करतात. निवड यादी अभ्यासक्रम सुरू होण्याच्या सुमारास लागली तर प्रवेश पुढच्या सत्रात किंवा वर्षात ढकलता येईल का, हेही त्याच पत्रात विचारून ठेवावे.

कागदपत्रांची जमवाजमव जाहिरातीची वाट न पाहता सुरू करावी. जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, लागू असल्यास नॉन-क्रीमी लेयर, अधिवास प्रमाणपत्र, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, पालकांचे आयकर विवरणपत्र किंवा फॉर्म १६, आणि दोन जामीनदारांची तयारी हे सर्व लागू शकते. यातील जात वैधता सर्वांत वेळखाऊ, तेव्हा ती प्रथम. नावातील स्पेलिंग दहावीच्या प्रमाणपत्रावर एक आणि पासपोर्टवर दुसरे असेल तर ते आत्ताच दुरुस्त करावे. छाननीच्या वेळी अशा त्रुटींना दया मिळत नाही.

यजमान देशांच्या शिष्यवृत्त्या

चेव्हनिंगसाठी दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो, आणि शिक्षणानंतर किमान दोन वर्षे मायदेशी परतण्याची अट असते. फुलब्राइट-नेहरू मास्टर्ससाठी तीन वर्षांचा अनुभव लागतो. आपली तीन वर्षांची बी.ए., बी.कॉम. किंवा बी.एस्सी. तिथे एकटी पुरत नाही. सोबत पदव्युत्तर पदवी किंवा पदविका असावी लागते. नुकत्याच पदवीधर झालेल्यांनी या दोहोंत वेळ घालवू नये. त्यांच्यासाठी इरॅस्मस मुंडुस अधिक सोयीचा: दोन किंवा अधिक देशांत शिकण्याचा संयुक्त अभ्यासक्रम, दरमहा १,४०० युरो आणि शिक्षण शुल्क माफ. पदवीच्या शेवटच्या वर्षातही अर्ज करता येतो. ऑक्सफर्डची ऱ्होड्स शिष्यवृत्ती विशीतल्या अगदी तरुण पदवीधरांसाठी आहे. त्या मानाने फेलिक्स शिष्यवृत्तीची माहिती आपल्याकडे कमी जणांना असते. ऑक्सफर्ड, रेडिंग आणि लंडनचे सोआस विद्यापीठ येथील भारतीय विद्यार्थ्यांना ती आर्थिक गरज पाहून मिळते, आणि पूर्वी परदेशात पदवी घेतलेल्यांना मिळत नाही. गावाकडच्या महाविद्यालयातून प्रथम वर्गात आलेल्या मुलीसाठी ही अट अडथळा न ठरता फायद्याचीच ठरते. कॉमनवेल्थ शेअर्ड शिष्यवृत्तीही अशाच, अन्यथा ब्रिटनमध्ये शिकणे परवडले नसते अशांसाठी आहे.

विद्यापीठाचा स्वतःचा पैसा

अमेरिकेत विज्ञान आणि अभियांत्रिकीतील पीएच.डी.चे विद्यार्थी सहसा अध्यापन किंवा संशोधन सहायक म्हणून काम करतात. त्याबदल्यात शुल्कमाफी आणि मासिक विद्यावेतन मिळते. पदव्युत्तर पदवीसाठी अशी सोय तुलनेने दुर्मीळ आहे. त्यामुळे ज्याला खरोखर संशोधन करायचे आहे त्याने थेट पीएच.डी.चा विचार करावा, आणि अर्जाआधी दोन-चार प्राध्यापकांना त्यांचे अलीकडचे शोधनिबंध वाचून नेमके, छोटे पत्र लिहावे. शंभर जणांना एकच मजकूर धाडल्याने उत्तर येत नाही. विद्यापीठाच्या काही शिष्यवृत्त्यांसाठी प्रवेशअर्ज हाच अर्ज धरला जातो, तर काहींना वेगळा अर्ज लागतो. म्हणून प्रत्येक विद्यापीठाच्या आर्थिक साहाय्याच्या पानासोबत विभागाचे पानही वाचावे. छोट्या रकमांच्या शिष्यवृत्त्या तिथे असतात आणि त्यांना स्पर्धाही कमी असते.

इथे दलालांविषयी एक गोष्ट सांगायला हवी. प्रवेश सल्लागारांपैकी अनेकांचे उत्पन्न परदेशी विद्यापीठांकडून मिळणाऱ्या कमिशनवर चालते, त्यामुळे शुल्क न घेणाऱ्या सरकारी विद्यापीठांची नावे त्यांच्या यादीत क्वचितच दिसतात. शिष्यवृत्ती मिळवून देतो म्हणून टक्केवारी मागणाऱ्याकडे तर जाऊच नये.

मुंबईतील न्यास

जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये उभारलेला जे. एन. टाटा एंडोमेंट हा या प्रकारचा सर्वांत जुना आणि प्रसिद्ध न्यास आहे. तो देतो ती कर्ज-शिष्यवृत्ती, म्हणजे गुणवत्तेवर निवड होते पण रक्कम परत करायची असते. के. सी. महिंद्रा एज्युकेशन ट्रस्ट आणि नरोत्तम सेखसरिया फाउंडेशन बिनव्याजी कर्ज-शिष्यवृत्ती देतात. इनलॅक्स शिवदासानी फाउंडेशनची रक्कम मात्र परत करावी लागत नाही आणि ती एक लाख डॉलरपर्यंत जाऊ शकते. पण अभियांत्रिकी, संगणकशास्त्र, व्यवस्थापन, वैद्यक असे लोकप्रिय विषय तिथे चालत नाहीत. कला, वास्तुकला, कायदा किंवा सामाजिक शास्त्रांकडे जाणाऱ्यांनी ती जरूर पाहावी.

एका न्यासाच्या रकमेने पूर्ण खर्च भागत नाही हे खरे. तरी बँकेच्या कर्जातून तेवढे लाख कमी होणे ही मोठी बचत आहे. एकाहून अधिक न्यासांकडे अर्ज करावा आणि प्रत्येकाला इतर अर्जांची माहिती प्रामाणिकपणे द्यावी. मुलाखतीत विषयाचे ज्ञान तपासले जातेच. त्याशिवाय उरलेला पैसा कुठून आणणार, हा प्रश्न हमखास येतो. पहिल्या पायरीवर केलेला हिशेब इथे कामी येतो.

निबंध आणि शिफारसपत्रे

अर्जातील निबंधात गरिबीचे वर्णन करून दया मागण्यापेक्षा आपण काय केले आणि हाच अभ्यासक्रम का हवा, हे नावानिशी लिहावे: कोणता प्रकल्प, कोणते गाव, त्यात आपला नेमका वाटा कोणता. आपल्याकडे प्राध्यापक बरेचदा विद्यार्थ्यालाच शिफारसपत्राचा मसुदा करून आणायला सांगतात. तसे करण्याऐवजी त्यांना आपल्या कामाचे टिपण, निबंधाची प्रत आणि मुदतीची तारीख किमान महिनाभर आधी द्यावी. पत्रे विद्यापीठाच्या प्रणालीवर थेट त्यांच्या ईमेलवरून जायची असतात. ट्रान्सक्रिप्टसाठी, म्हणजे सर्व सत्रांच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्यासाठी, आपल्या विद्यापीठाला काही आठवडे लागू शकतात, हेही धरून चालावे.

कर्ज सर्वांत शेवटी

इतके करूनही तूट उरली तर शैक्षणिक कर्ज घ्यावे. सरकारी बँकांत साधारणपणे साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही. त्यापुढे घर, जमीन किंवा मुदत ठेव तारण द्यावी लागते. कर्जाच्या व्याजावर आयकर कायद्यात आठ वर्षे वजावट मिळते, पण फक्त जुन्या करप्रणालीत. पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजना देशातील संस्थांसाठीच आहे. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या व्याजात सवलत देणारी पढो परदेस योजना २०२२-२३ पासून बंद झाली, तरी तिची नावे अजून अनेक याद्यांत फिरत असतात.

करारपत्र वाचून सही करा

जवळजवळ प्रत्येक मोठ्या मदतीमागे काही बंधन असते. १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली, तेव्हाही शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदा संस्थानची सेवा करण्याचा करार झाला होता. आज अटी निराळ्या आहेत: ठरावीक मुदतीत भारतात परतणे, दरवर्षी प्रगती अहवाल देणे, विद्यापीठ किंवा विषय परस्पर न बदलणे, आणि अट मोडल्यास रक्कम परत करणे. फुलब्राइटच्या जे-१ व्हिसासोबत तर दोन वर्षे मायदेशात राहण्याची अट येते, आणि ती पूर्ण किंवा माफ होईपर्यंत अमेरिकेचा एच-१बी हा नोकरीचा व्हिसा मिळत नाही. जामीनदारांना ही कलमे सही करण्यापूर्वी मराठीत समजावून सांगावीत, कारण वसुलीची वेळ आली तर पहिली नोटीस त्यांच्या पत्त्यावर जाते. एकाच खर्चासाठी दोन शिष्यवृत्त्या घेणे बहुतेक ठिकाणी चालत नाही, म्हणून एक निश्चित होताच दुसरीकडे लेखी कळवून जागा मोकळी करावी; प्रतीक्षा यादीतील पुढच्या विद्यार्थ्याला ती वेळेत मिळू शकते.