चौकातली माणसं कशी बघायची: खडू, खुर्ची आणि 10 मिनिटं

चौक, बाग, स्टेशनबाहेरचा कट्टा, अशा जागी लोक नेमकं काय करतात हे समजून घ्यायचं असेल तर प्रश्नावली घेऊन जाऊ नका. लोक सांगतात एक आणि करतात दुसरंच, मुद्दाम नाही, पण आपण कुठे टेकलो नि किती वेळ थांबलो हे कोण लक्षात ठेवतं? त्यापेक्षा बघा.

पहिला तास हातात काही नको, नुसतं बसा. मग मोजणी. खांबापासून समोरच्या झाडापर्यंत एक रेघ मनात धरायची आणि ती ओलांडणारे 10 मिनिटं मोजायचे, पुढच्या तासाला परत तेवढीच 10 मिनिटं. मोबाईलपेक्षा हातातला क्लिकर (बटण दाबलं की आकडा एकाने वाढवणारं छोटं यंत्र) बरा, मान खाली घालावी लागत नाही. जे थांबलेत त्यांच्यासाठी जागेचा हाताने काढलेला नकाशा, बसलेल्याला गोल, उभ्याला फुली, दर अर्ध्या तासाला नवा ट्रेसिंग पेपर. शेवटी सगळे एकावर एक ठेवून उजेडासमोर धरा, खुणा कुठे दाटल्यात आणि कुठला कोपरा दिवसभर कोरा राहिला ते लगेच दिसतं. मला तो कोरा कोपराच जास्त महत्त्वाचा वाटतो.

कोपनहेगनमध्ये स्ट्रॉएट हा रस्ता 1962 मध्ये गाड्यांना बंद झाला आणि वास्तुरचनाकार यान गेल यांनी त्याच दशकात तिथे कागद-पेन्सिल घेऊन अशा नोंदी सुरू केल्या. न्यूयॉर्कमध्ये शहरी जागांचे अभ्यासक विल्यम व्हाईट यांनी 1970च्या दशकात टाइम-लॅप्स कॅमेरे (ठरावीक वेळाने एकेक चित्र टिपणारे) लावले, त्यात दिसलेली एक गोष्ट मला फार आवडते, सुट्या खुर्चीवर बसायच्या आधी माणूस ती इंचभर का होईना सरकवतोच, कधी कधी तर फिरवून परत जवळपास तिथेच ठेवतो.

म्हणजे खुर्ची हेच तुमचं साधन. सकाळी 4 सुट्या खुर्च्या ठेवा (परवानगी आधी काढा) आणि प्रत्येकीच्या पायांभोवती खडूने खूण करा. मग बघत राहा, कोण ती सावलीत ओढतं, कोण दोन खुर्च्या समोरासमोर लावतं, कोण रस्त्याकडे तोंड करून बसतं. संध्याकाळी खडूच्या खुणा आणि खुर्च्या यांच्यातलं अंतर टेपने मोजा, तुमचा डेटा तोच.

एका वेळी एकच गोष्ट बदला. खुर्च्या, कुंड्या, दिवे सगळं एकदम आणलंत तर कशामुळे काय झालं ते कधीच कळणार नाही. खुर्च्या ठेवायच्या आधीच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी मोजणी झालेली हवी, ऊन-पाऊसही लिहून ठेवा. पहिल्या दिवशीचे आकडे मात्र धरू नका, नवं काही दिसलं की लोक गोळा होतातच, खरं वागणं चार-पाच दिवसांनी दिसायला लागतं. वय अंदाजाने लिहिलं असेल तर तसं नमूद करा. चेहरे ओळखू येतील असे फोटो नकोत, आणि कुणी विचारलंच काय करताय तर वही उघडून दाखवा, बहुतेक वेळा तेच लोक मग आपणहून दोन गोष्टी सांगतात.

खुर्च्या उचलल्यावर पुढच्या आठवड्यात परत त्याच रेघेवर बसा. ही मोजणी बरेच जण कंटाळून सोडतात, पण गर्दी खुर्च्यांमुळे वाढली होती की त्या आठवड्यात हवा चांगली होती म्हणून, हे तिथेच कळतं.