शरदातले फोटो काढायला गाडी काढताय? मराठवाड्यातल्या रस्त्यांवर या चुका टाळा

दसरा झाला की कार्तिक संपेपर्यंत दर शनिवार-रविवारी संभाजीनगरातून, जालन्यातून, लातुरातून गाड्या निघतात. मागच्या सीटवर पोरं, डिकीत धपाट्यांचा डबा, एकाच्या गळ्यात कॅमेरा आणि बाकी सगळ्यांच्या हातात मोबाइल. संध्याकाळी ग्रुपवर फोटो पडायला लागले की लगेच कळतं, गाडी कुठं नीट थांबलीच नव्हती. तिरपा विजेचा खांब, काचेत दिसणारा स्वतःचाच हात, वरती पांढुरकं आभाळ. यात कॅमेऱ्याचा काही दोष नसतो, महागडा घेतला तरी तेच होणार.

सगळ्यात पहिली चूक घरूनच सुरू होते, ती म्हणजे लालभडक झाडं शोधत फिरणं. काश्मीरचे चिनार आणि परदेशातले रस्ते रीलमध्ये बघून लोक ऑक्टोबरात गौताळ्याला जातात आणि म्हणतात, इथं तर सगळं हिरवंच आहे की. असणारच. आपलं सागवान दिवाळीपर्यंत हिरवं असतं, मग हळूहळू तांबूस-तपकिरी होतं, आणि जंगल खरं उघडं पडतं ते संक्रांतीनंतर. किनवट-माहूरकडंही तसंच. पळस फुलायला तर शिमगा जवळ यावा लागतो. शरदात आपल्याकडं रंग झाडावर नसतो, रानात असतो, गुडघ्याएवढ्या उंचीवर. सोयाबीन काढणीला आलं की पानं पिवळी पडतात, गळतात, आणि मागं नुसत्या तपकिरी शेंगांचे झुपके राहतात. त्या शेंगांवर बारीक लव असते, सकाळचं ऊन मागून आलं की एकेक शेंग कडेनं उजळून निघते. पण ते दिसायला गाडीतून उतरून बांधावर उकिडवं बसावं लागतं, ऐंशीच्या स्पीडनं जाताना सोयाबीनचं रान म्हणजे नुसता मातकट पट्टा. आणि ही मजा जेमतेम आठ-दहा दिवसांची, मग हार्वेस्टर नाहीतर कोयता येतो आणि खेळ खल्लास.

त्यामुळं ठिकाण ठरवायच्या आधी रानात काय चाललंय ते बघा. सप्टेंबरच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत सोयाबीन, दसऱ्याच्या आगेमागे झेंडूचे पट्टे आणि कापसाची पहिली वेचणी, नोव्हेंबरात तूर पिवळ्या फुलांवर येते, आणि म्हैसमाळच्या पठारावरचं गवत तोपर्यंत हिरव्याचं पिवळं झालेलं असतं. ओळखीच्या कुणा शेतकऱ्याला एक फोन लावला तरी सगळं कळतं, ॲपची गरज नाही.

दुसरी चूक, एका दिवसात सगळं उरकायचं. सकाळी देवगिरी, मग वेरूळ, जेवून पैठण, जमलं तर नाथसागरावर सूर्यास्त. हे दर्शन झालं, फोटोग्राफी नाही. दिवसाला एकच रस्ता धरा, जास्तीत जास्त तीस-चाळीस किलोमीटरचा, आणि त्याच रस्त्यानं परत या, कारण सकाळी ज्या शेतावर समोरून ऊन होतं त्यावर संध्याकाळी मागून येतं आणि तेच रान वेगळं दिसतं. दौलताबाद ते खुलताबाद घाट एवढाच घेतला तरी दिवस पुरत नाही. फक्त शनिवारी खुलताबादला भद्रा मारुतीची गर्दी असते हे ध्यानात ठेवा, त्या दिवशी त्या रस्त्यावर हळू चालवायला वेगळं ठरवावं लागत नाही, आपोआपच होतं. बीडकडचे असाल तर मांजरसुंबा-पाटोदा-सौताडा हा बालाघाटातला रस्ता, धाराशिवकडचे असाल तर येडशी-रामलिंग. नळदुर्गलाही जा, पण बोरी नदीला पाणी असेल तरच नर-मादी धबधब्याची मजा, नाहीतर मग किल्ला बघून या.

वेळेचं काय सांगायचं, सगळ्यांना माहिती असतं आणि कुणीच करत नाही. ऑक्टोबरच्या मध्याला आपल्याकडं सूर्य साडेसहाच्या आत उगवतो आणि सहाच्या सुमाराला मावळतो. नाश्ता करून साडेनऊला निघालात म्हणजे चांगलं ऊन घरीच संपलं. अकरानंतर ऑक्टोबर हीट, धूळ, त्यात मळणीयंत्राचा भुसा हवेत, लांबचा डोंगर धुरकट दिसतो आणि तो कितीही एडिट केला तरी धुरकटच राहतो. दुपारी एकतर झाडाखाली बसून धपाटे खा, नाहीतर जवळच्या वस्तू टिपा, सावलीतली. आदल्या संध्याकाळी परतीच्या पावसाची सर येऊन गेली असेल तर दुसऱ्या दिवशीची सकाळ अजिबात सोडू नका, हवा धुतलेली असते.

आता गाडीचं. हे जरा नीट वाचा.

चालवणाऱ्यानं फोटो काढायचा नाही, हे बोलायचीसुद्धा गरज पडू नये, पण एक हात स्टेअरिंगवर आणि दुसऱ्या हातानं मोबाइल काचेला लावलेला असे महाभाग दर रविवारी दिसतात. ताशी ऐंशीनं गाडी सेकंदाला बावीस मीटर जाते. स्क्रीनकडं दोन सेकंद बघितलं म्हणजे चव्वेचाळीस मीटर आंधळे गेलात, आणि तेवढ्यात बांधावरून म्हैस रस्त्यावर यायला किती वेळ लागतो. शिवाय हातात मोबाइल धरून चालवणं कायद्यानंही गुन्हाच आहे.

दुसरं, फ्रेम दिसली की करकचून ब्रेक. मागं दुधाचा टेम्पो असतो, त्याला तुमची फ्रेम दिसलेली नसते. जागा दिसली तर पुढं निघून जा, शांतपणे वळायला जागा बघा, परत या. कापूस पळून जात नाही. थांबायला गावाचा फाटा, पेट्रोल पंप, रसवंतीसमोरची मोकळी जागा, मंगल कार्यालयाचं मैदान, असं काहीतरी शोधा आणि तिथून दोनशे-तीनशे पावलं चालत मागं जा. वळणावर, पुलावर, चढाच्या टोकाला कधीच नाही, घाटात तर नाहीच, कठडा कितीही छान असू दे. उतरताना डाव्या बाजूनं उतरा, पोरांचा हात धरा, चारही इंडिकेटर चालू. आणि हळू जायचं म्हणजे धुळे-सोलापूर हायवेवर उजव्या लेनमधून तीसच्या स्पीडनं रांगायचं असं नाही बरं का, तो उलट जास्त धोका. हळू जायचंय तर हायवे सोडून आतला रस्ता धरा, तिथं चाळीसनं गेलात तरी कुणी हॉर्न देत नाही, उलट गावातले लोक हात करतात.

समृद्धी महामार्गाचं वेगळं सांगतो. जालन्याच्या पुढं दोन्हीकडं काय रान दिसतं, खरंय, पण तिथं फोटोसाठी कडेला थांबायचं नसतंच. कारला १२० ची मर्यादा आहे, म्हणजे मागची गाडी सेकंदाला तेहेतीस मीटरनं तुमच्यावर येतीय. इंटरचेंजनं खाली उतरा, तेच रान खालच्या रस्त्यावरून जास्त जवळून दिसतं. गाडी बंदच पडली तर सगळ्यांना कठड्याच्या पलीकडं उभं करा आणि ११२ ला फोन लावा. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ पण आहे.

बरं, साइडपट्टी. वरून सुकलेली दिसते, खाली काळी माती ओलीच असते. पाऊस होऊन चार दिवस झाले तरी चाक खाली घातलं की गाडी बुडापर्यंत. रुतलीच तर पहिलं काम, ॲक्सिलरेटर सोडा, जितकं रेस कराल तितका खड्डा खोल होतो. चाकं सरळ करा, चाकापुढची माती हातानं उकरा, बांधावर पडलेल्या तुराट्या-पऱ्हाट्या नाहीतर रिकामं पोतं चाकाखाली सरकवा, सगळे खाली उतरा आणि दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश काढा. नाही निघाली तर ट्रॅक्टर, आणि आपल्याकडं ट्रॅक्टरवाला येतोच, पैसे नको नको म्हणतो, तरी डिझेलचे द्या.

माणसांशी वागताना होणाऱ्या चुका मला गाडीच्या चुकांपेक्षा मोठ्या वाटतात. शेतात न विचारता घुसायचं, वाफ्यात पाय द्यायचा, बायका कापूस वेचत असताना लांबून झूम लावून फोटो काढायचे आणि निघून जायचं. हे बरोबर नाही. बांधावर थांबा, राम राम घाला, "मावशी, फोटो काढू का?" म्हणा. बहुतेक वेळा उलट प्रश्न येतो, "कोण्या गावचे?" आणि ज्या वर्षी पावसानं झोडपलेलं असतं त्या वर्षी तर हमखास, "पंचनाम्याला आलाव का?" कॅमेरा आणि शर्ट-पँट बघून त्यांना तलाठी नाहीतर विमावाले वाटतात. तेव्हा पहिल्यांदाच स्पष्ट सांगा की आम्ही असेच आलोय, फोटो काढायला, उगाच आशा लावू नका कुणाला. आणि पिवळं रान दिसलं म्हणून लगेच सुंदर बिंदर म्हणू नका. ऑगस्टातच पिवळं पडलेलं सोयाबीन म्हणजे बहुतेक मोझॅक रोग आलेला असतो, शेंगा काळ्या पडल्या असतील तर दाणा डागी झालाय, त्याच्यासमोर उभं राहून सेल्फी घेणं म्हणजे काय ते तुम्हीच ठरवा. कापसाच्या पहिल्या वेचणीला काही घरांत सीतादहीची पूजा असते, तेव्हाही आधी विचारा, पूजा होऊ द्या, मग कॅमेरा. लातूर-धाराशिवकडं येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, मात्र उलटं, शेतात न जेवता सोडत नाहीत, पण ती मार्गशीर्षाच्या अमावस्येला, तोवर हिवाळा लागलेला असतो.

रस्त्याच्या कडेला सीताफळं घेऊन बसलेल्यांचंही तसंच. बीडच्या सीताफळाला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, बालाघाटात ऑक्टोबरात डालीच्या डाली लागलेल्या असतात, फोटोला मस्त. पण आधी दोन किलो घ्या, मग काढा. गप्पा होतात, चेहरा मोकळा होतो, फोटो आपोआप चांगला येतो.

आता घरी आल्यावर जे प्रश्न पडतात ते.

कापूस नुसता पांढरा ठिपका आलाय, आत काहीच दिसत नाही? काळी माती आणि गर्द पानं जास्त असली की कॅमेरा सगळंच उजळ करतो आणि बोंड जळतं. मोबाइलवर बोंडावरच बोट टेकवा आणि तो सूर्याचा आयकॉन खाली ओढा, कॅमेऱ्यात एक्स्पोजर अर्धा-एक स्टॉप (प्रकाशाचं माप) मायनस. उलट वेचलेल्या कापसाचा ढीग फ्रेमभर घेतला तर तो करडा येतो, तिथं प्लस करायचं. उकललेल्या बोंडाच्या पाकळ्या नीट दिसायला तिरपं ऊन लागतं, डोक्यावरच्या उन्हात काहीही केलं तरी तो बोळाच दिसणार.

संध्याकाळचं पिवळं ऊन फोटोत फिकट आलं? ऑटो व्हाइट बॅलन्सची करामत, त्याला वाटतं पिवळेपणा ही चूक आहे. डेलाइट नाहीतर क्लाउडी लावा. रॉ, म्हणजे कॅमेऱ्याची कच्ची फाइल, काढत असाल तर नंतरही सुधारता येतं. पण म्हणून सॅच्युरेशन शंभरवर नेऊ नका, तूर निऑन दिसायला लागते.

आभाळ अर्धं गडद, अर्धं फिकं? सीपीएल, म्हणजे चमक कापणारा फिरता पोलरायझर फिल्टर, वाइड लेन्सवर लावलाय. पानांवरची चमक मारायला सीपीएल भारी, सूर्य खांद्याच्या बाजूला असताना फिरवून बघा, पण सूर्य समोर किंवा पाठीमागं असला तर फरक पडत नाही आणि प्रकाश मात्र दीड-दोन स्टॉप खातो. गाडीच्या काचेतून तर लावूच नका, काचेवर इंद्रधनुष्याचे डाग उठतात.

काचेतूनच काढायची वेळ आली, म्हणजे उतरायला जागाच नाही, तर चालवणाऱ्यानं सोडून दुसऱ्यानं काढा, काच खाली करा, नाही करता आली तर लेन्स काचेला जवळजवळ टेकवा, शटर हजारात एकच्या पुढं. जवळची झाडं तरी पुसट येणारच, म्हणून लांबचं घ्या. गाडीतून उतरल्या उतरल्या लेन्सवर वाफ धरली तर एसीचा प्रताप, थांबायच्या दहा मिनिटं आधी एसी बंद करून काचा उघडायच्या. वाफ शर्टानं पुसू नका, सोयाबीनची धूळ लेन्सवर ओरखडे पाडते, आधी ब्लोअर, मग कापड.

गवतात जाणार असाल तर बूट आणि फुल पँट. कुसळं पायमोज्यातून आत घुसतात आणि एकेक काढत बसावं लागतं ते वेगळं, पण खरं कारण घोणस. वाळलेल्या गवतात ती दिसत नाही. काठी आपटत चला, गुडघे टेकायच्या आधी जागा बघा. पाणवठ्याच्या कडेला तर दुप्पट काळजी.

आणि सूर्यास्त झाला की लगेच निघा असं नाही म्हणत, मावळल्यावरची वीस मिनिटं चांगली असतात, पण तिथून पुढं रस्ता वेगळा होतो. दिवाळीच्या सुमाराला साखर कारखाने सुरू होतात, ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या अंधारात चाललेल्या असतात, कितीतरींना मागं रिफ्लेक्टर नसतो. काही गावांजवळ अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन नाहीतर मका वाळत घातलेला असतो आणि कडेला दगड ठेवलेले, ते समोरच्याच्या हाय बीममध्ये दिसत नाहीत. परतताना कॅमेरा बॅगेत टाका, काच बाहेरून-आतून पुसून घ्या, साठच्या आत चालवा, आणि एखाद्या ट्रॉलीला ओव्हरटेक करायला जमत नसेल तर तिच्यामागंच राहा पुढचा फाटा येईपर्यंत.