एएम४ की एएम५? आधी घरात काय पडलंय ते बघा

नवीन पीसी बांधताना सगळे आधी प्रोसेसर बघतात, पण खरं म्हणजे आधी सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा, ठरवा, कारण बोर्ड आणि रॅम त्याच्याच मागे येतात. एएमडी या प्रोसेसर कंपनीचं एएम४ सॉकेट २०१६ चं, त्यात डीडीआर४ रॅम लागते, आणि एएम५ २०२२ चं, त्यात फक्त डीडीआर५. जुनी रॅम नव्या बोर्डात बसतच नाही, खालची खाच वेगळ्या जागी असते त्यामुळे जोर लावू नका.

घरी डीडीआर४ रॅम आणि एएम४ बोर्ड आधीच असेल तर माझं मत सरळ आहे, बायॉस (बोर्डातलं पीसी सुरू करणारं सॉफ्टवेअर) अपडेट करा, रायझन ५ ५६०० किंवा ५७००एक्स टाका आणि उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घाला. बायॉस मात्र जुना प्रोसेसर काढायच्या आधीच करा, मी माझ्या बी४५० बोर्डावर हे विसरलो आणि स्क्रीन काळीच, परत सगळं उघडून जुना बसवावा लागला. आणि हो, ५६०० आणि ५७००एक्स या दोन्हीत इनबिल्ट ग्राफिक्स नाही, कार्ड लागतंच.

सगळंच शून्यापासून घेताय आणि चार-पाच वर्षं वापरायचंय? मग थोडे जास्त गेले तरी एएम५ घ्या, पुढे नुसता प्रोसेसर बदलता येतो.

सेकंडहँड घेताना एएम४ चा प्रोसेसर उजेडात आडवा धरून पिना बघा, एखादी वाकलेली असेल तर रांग लगेच मोडलेली दिसते. एएम५ मध्ये पिना बोर्डावर असतात, म्हणून तिथे सॉकेटचं झाकण उघडायला लावा, दुकानदार कितीही घाई करू दे.