मेंढ्या राखणाऱ्या जातीचं संकरित कुत्रं दत्तक घेताना

बॉर्डर कॉली किंवा जर्मन शेफर्डच्या वळणाचं वर्ष-दीड वर्षाचं कुत्रं शेल्टरमधून आणताय? ते पळणाऱ्या पोरांच्या टाचांना तोंड लावणार, स्कूटरमागे धावणार. कळप वळवायची ही उपजत खोड ओरडून जात नाही. पोरांना जागच्या जागी थांबायला सांगा आणि त्याच्या तोंडात दोरीचं खेळणं द्या.

तासभर चेंडू फेकला की दमेल, हा भ्रम. दमसास वाढतो आणि वर चेंडूचं वेड लागतं. त्यापेक्षा जेवणातला मूठभर भाग जुन्या टॉवेलच्या घड्यांत लपवा, नाकाने शोधू द्या. फिरताना मनसोक्त हुंगू द्या. आपली घाई गेली खड्ड्यात. सुरुवातीचे काही आठवडे मोकळं सोडूच नका, लांब दोरी बरी.

आणि हे डॉक्टरांना आधीच सांगा: कॉली, ऑस्ट्रेलियन शेफर्ड यांच्या रक्तात एमडीआर-१ हा जनुकीय दोष असू शकतो. अशा कुत्र्याला खरजेसाठी दिलेला आयव्हरमेक्टिनचा मोठा डोस मेंदूवर उलटतो, जिवावरही बेततं. संकर नक्की कशाचा हे कळत नसेल, तर दुसरं औषध मागा.